विकल्पाची किंमत कशी ठरते?

घर विकत घेऊ इच्छिणारा गृहस्थ मालकाच्या हाती विसार ठेवतो, तेव्हा सौदा पक्का झाला असे दोन्ही पक्ष समजतात. पुढे खरेदीखत झाले म्हणजे विसाराची रक्कम घराच्या किमतीतून वजा होते. ह्या व्यवहारात थोडासा फरक कल्पून पाहावा. मालक म्हणतो, 'तीन महिन्यांपर्यंत हे घर तुम्हांला आजच्या भावाने देण्यास मी बांधलेला आहे. घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. मात्र ह्या मोकळिकीबद्दल आज जी रक्कम द्याल, ती घर घेतलेत तरी किमतीतून वजा होणार नाही आणि न घेतलेत तरी परत मिळणार नाही.' ही रक्कम विसार नव्हे. ती घराची किंमतही नव्हे. ती आहे निवड करण्याच्या हक्काची किंमत. शेअरबाजारात ज्याला ऑप्शन किंवा विकल्प म्हणतात तो हाच हक्क होय, आणि त्याबद्दल द्यावयाच्या रकमेस प्रीमियम असे नाव आहे.

विकल्प दोन प्रकारचे असतात. ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल आणि ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क म्हणजे पुट. मुंबईच्या बाजारातील जुन्या दलालांना ही वस्तू अपरिचित नव्हती. ते पहिल्या हक्कास तेजी म्हणत, दुसऱ्यास मंदी म्हणत, आणि दोन्ही एकत्र घेतले म्हणजे ती तेजी-मंदी होई. नावे कोणतीही असोत, व्यवहाराची घडण एकच. हक्क घेणाऱ्यावर कसलेही बंधन नाही. बंधन आहे ते हक्क देणाऱ्यावर. घेणाऱ्याचे नुकसान फार तर प्रीमियमएवढे, तर देणाऱ्याचा नफा फार तर प्रीमियमएवढा. ह्या विषमतेतच विषयाचे मर्म साठवलेले आहे.

हक्क विकत घेण्याची ही कल्पना फार जुनी आहे. मायलेटस नगरीतील तत्त्वज्ञ थेलीस ह्याची एक कथा ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स' ह्या ग्रंथात नमूद केली आहे. तत्त्वज्ञान पोटाच्या उपयोगी नाही, असा टोमणा थेलीसला त्याच्या दारिद्र्यावरून ऐकावा लागे. येत्या हंगामात ऑलिव्हचे पीक उदंड येणार, असे त्याने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ताडले आणि भर हिवाळ्यात मायलेटस व कीऑस येथील तेलाच्या घाण्यांसाठी थोडे थोडे पैसे देऊन त्या राखून ठेवल्या. त्या वेळी त्याच्याविरुद्ध बोली करणारे कोणीच नव्हते. हंगाम आला, घाण्यांसाठी एकच झुंबड उडाली, आणि थेलीसने त्या मनास येईल त्या दराने भाड्याने दिल्या. पीक बुडाले असते तर त्याची फक्त आगाऊ दिलेली रक्कम गेली असती. मात्र ती रक्कम योग्य होती की अयोग्य, घाण्यांच्या मालकांनी किती मागावयास हवी होती, ह्याविषयी कथेत काही नाही. ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

विकल्पाच्या किमतीचे दोन भाग पाडता येतात. समजा, एका शेअरचा बाजारभाव १०५ रुपये आहे आणि तो १०० रुपयांस घेण्याचा कॉल ९ रुपयांस मिळत आहे. हा हक्क आजच वापरला तर ५ रुपये सुटतात. हे त्याचे अंगचे मोल होय. उरलेले ४ रुपये कशाचे? ते आहेत काळाचे मोल. मुदत संपण्यापूर्वी काहीतरी घडेल आणि हक्काचे मोल वाढेल, ह्या शक्यतेबद्दल ते मोजलेले असतात. अंगचे मोल शाळकरी मुलासही वजाबाकीने काढता येईल. कोडे आहे ते दुसऱ्या भागाचे.

सामान्य मनुष्य ह्यावर असे म्हणेल की, शेअर चढण्याचा संभव जितका अधिक, तितका कॉल महाग असावयास हवा. उत्तर सयुक्तिक वाटते, परंतु ते चुकीचे आहे. आणि ते चुकीचे का, हे समजले म्हणजे अर्धा विषय समजला.

ह्या वाटेवर पहिले मोठे पाऊल लुई बाशेलिए ह्या फ्रेंच गणितज्ञाने टाकले. १९०० साली त्याने पॅरिस विद्यापीठास सट्ट्याच्या उपपत्तीवर प्रबंध सादर केला. पॅरिसच्या बाजारात तेव्हा सरकारी कर्जरोख्यांवरील विकल्पांचे व्यवहार चालत. बाजारातील भाव पुढच्या क्षणी वर जाईल की खाली, हे सांगता येत नाही. पण तो किती दूर भटकेल ह्याचा अंदाज बांधता येतो, असे बाशेलिएने दाखविले. पाण्यावर तरंगणारा सूक्ष्म कण जसा इतस्ततः हेलकावतो, तशीच भावाची गती. अशा कणाच्या गतीवरील आइन्स्टाइनचा सुप्रसिद्ध निबंध त्यानंतर पाच वर्षांनी, १९०५ साली, प्रसिद्ध झाला. ह्या गतीचा नियम असा की, भटकण्याचे अंतर काळाच्या प्रमाणात वाढत नाही, तर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट काळ दिला तर अंतर दुप्पट होते. ह्या वर्गमुळाचा प्रताप पुढे पाहावयाचा आहे.

बाशेलिएचा प्रबंध बरीच वर्षे विस्मृतीत पडून होता. नंतर १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स ह्या दोघांनी अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन ह्यांनी त्या विचारास अधिक व्यापक रूप दिले. योगायोग असा की, २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागो येथे केवळ विकल्पांच्या व्यवहारासाठी स्थापन झालेला बाजारही सुरू झाला. आरंभी तेथे फक्त १६ कंपन्यांच्या शेअरांवरील कॉल मिळत. थोड्याच वर्षांत तेथील दलालांच्या हाती हे नवे सूत्र बसविलेली गणकयंत्रे दिसू लागली.

ते सूत्र अवघड आहे. त्यातील कल्पना मात्र सोप्या हिशेबाने समजण्यासारखी आहे. ह्या हिशेबाची सुटसुटीत पद्धत कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन ह्या तीन अभ्यासकांनी १९७९ साली मांडली. समजा, एका शेअरचा आजचा भाव १०० रुपये आहे आणि महिनाअखेर तो १२० तरी होईल किंवा ९० तरी होईल. तिसरी शक्यता नाही. व्याज तूर्त बाजूला ठेवावे. हा शेअर १०० रुपयांस घेण्याच्या कॉलची किंमत किती असावी? एखादा व्यापारी असे करतो : तो दोन शेअर विकत घेतो आणि तीन कॉल दुसऱ्यास विकतो. भाव १२० झाला तर त्याच्या शेअरांचे २४० रुपये होतील, आणि तीन कॉलपोटी प्रत्येकी २० प्रमाणे ६० रुपये द्यावे लागतील. उरले १८०. भाव ९० झाला तर दोन शेअरांचे १८० होतील, कॉल निरर्थक ठरतील, द्यावे काहीच लागणार नाही. पुन्हा उरले १८०. भाव कोणीकडेही जावो, हाती १८० येणार हे निश्चित!

ज्या मांडणीतून निश्चितपणे १८० मिळतात, तिच्यासाठी आज १८०च मोजले पाहिजेत. दोन शेअरांस २०० लागतात. म्हणून तीन कॉल विकून २० मिळावयास हवेत. एका कॉलची किंमत झाली ६ रुपये ६७ पैसे. बाजारात तोच कॉल ८ रुपयांस जात असेल, तर व्यापाऱ्यास तीन कॉलांचे २४ मिळतील, पदरचे १७६ घालावे लागतील आणि १८० हाती येतील. असा बिनधोक नफा दिसताच इतर व्यापारीही धावतात, सर्वजण कॉल विकू लागतात आणि त्याचा भाव आपोआप खाली येतो. तो फार स्वस्त झाला तर उलट बाजूने हीच क्रिया घडते.

ह्या हिशेबात शेअर चढण्याचा संभव किती, हा प्रश्न कोठेही आला नाही, हे ध्यानात घ्यावे. आशावादी आणि निराशावादी अशा दोघांनीही हिशेब केला तरी उत्तर तेच येते, कारण आशा-निराशेचे मोल शेअरच्या १०० रुपये ह्या भावातच आधी जमा झालेले असते. मग विकल्पाची किंमत बदलते कशाने? वरील उदाहरणात भाव १२० किंवा ९० ऐवजी १३० किंवा ८५ होईल असे धरावे. पुन्हा दोन शेअर, पुन्हा तीन कॉल. एका बाजूस २६० उणे ९०, म्हणजे १७०. दुसऱ्या बाजूसही १७०. तीन कॉलांचे ३० रुपये, एकाचे १०. शेअर जागचा हलला नाही, तो १०० वरच आहे. तरीही कॉल ६ रुपये ६७ पैशांवरून १० वर गेला. कारण एकच : चंचलता वाढली. चढ मोठा झाला त्याचा लाभ कॉलधारकास मिळतो. उतार मोठा झाला त्याची झळ त्याला लागत नाही. विकल्पाची किंमत ही दिशेची किंमत नसून अनिश्चिततेची किंमत आहे, ती ह्या अर्थाने.

प्रत्यक्ष सूत्रात शेअरचा भाव, ठरलेला भाव, उरलेली मुदत, व्याजाचा दर आणि चंचलता अशा पाच गोष्टी येतात. लाभांशाची अपेक्षा असल्यास तीही धरावी लागते. ह्यांपैकी व्याजाचा परिणाम बहुधा अल्प असतो. भाव, मुदत आणि चंचलता ह्या तिघांचे वर्तन मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे.

प्रथम भाव. शेअर एक रुपयाने चढला म्हणजे कॉलही एक रुपयाने चढतो, अशी पुष्कळांची समजूत असते. शेअर ठरलेल्या भावाच्या आसपास असेल तर कॉल सुमारे निम्म्यानेच, म्हणजे पन्नास पैशांच्या आसपास, हलतो. शेअर ठरलेल्या भावाच्या पुष्कळ वर गेला, तर कॉल जवळजवळ शेअरच्या बरोबरीने चालू लागतो; आणि शेअर पुष्कळ खाली असेल, तर कॉल कसाबसा दोन-चार पैशांनी हलतो. चाळीस-पन्नास पैशांस मिळणारे दूरच्या भावाचे कॉल नवख्यांना फार आकर्षक वाटतात. परंतु कमी किमतीची वस्तू स्वस्तच असते असे नाही. त्या पन्नास पैशांत लाभाची शक्यताही पन्नास पैशांचीच भरलेली असते.

दुसरी गोष्ट मुदत. येथे बाशेलिएचे वर्गमूळ पुन्हा भेटते. ज्याचा वार्षिक चढउतार शेकडा २० च्या सुमारास आहे अशा १०० रुपयांच्या शेअरवर १०० रुपयांच्याच भावाचा कॉल घ्यावा. व्याज वगळता, एका वर्षाच्या मुदतीस तो सुमारे ८ रुपयांस पडतो, तीन महिन्यांच्या मुदतीस सुमारे ४ रुपयांस आणि तीन आठवड्यांच्या मुदतीस सुमारे २ रुपयांस. शेअर जागच्या जागी राहिला, तर वर्षाच्या कॉलमधील चार रुपये झिजण्यास नऊ महिने लागतात, पुढचे दोन रुपये दहा आठवड्यांत जातात आणि अखेरचे दोन रुपये केवळ तीन आठवड्यांत संपतात. हातातील बर्फ जसा लहान होतो तसा अधिक वेगाने वितळतो, तशीच ही झीज. जो मुदतीच्या अखेरच्या दिवसांत विकल्प विकत घेतो, तो वितळण्याच्या ऐन वेगात बर्फ विकत घेतो.

तिसरी गोष्ट चंचलता, आणि हीच सर्वांत फसवी. इतर चार गोष्टी बाजारात उघड दिसतात; पुढील महिन्यात शेअर किती हेलकावे खाईल, हे मात्र कोणासही ठाऊक नसते. तेव्हा व्यापारी उलट दिशेने चालतात : विकल्पाच्या चालू किमतीवरून सूत्र उलटे फिरवून, बाजार किती चंचलता गृहीत धरीत आहे हे काढतात. मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचा 'इंडिया व्हिक्स' हा निर्देशांक अशाच हिशेबातून निघतो. एखादी मोठी घटना जवळ आली, मग ती कंपनीच्या वार्षिक निकालाची असो वा लोकसभेच्या मतमोजणीची, की गृहीत चंचलता चढते आणि कॉल व पुट दोन्ही महाग होतात. घटना घडून गेली की ती उतरते आणि दोन्हींतील हवा निघून जाते.

ह्याचा प्रत्यय कसा येतो ते पाहावे. कोणी तरुण कंपनीचा निकाल चांगला लागणार, असे अभ्यासाने ताडतो आणि आदल्या दिवशी १०० रुपयांच्या शेअरवरील १०० च्या भावाचा कॉल ६ रुपयांस घेतो. निकाल खरोखरीच चांगला लागतो. शेअर १०२ होतो. परंतु अनिश्चितता संपलेली असते. कॉलमध्ये २ रुपये अंगचे मोल आणि २ रुपये काळाचे मोल उरते, आणि त्याची किंमत होते ४. तरुणाचा तर्क बरोबर, दिशा बरोबर, आणि तरीही तृतीयांश रक्कम बुडालेली! बाजाराने आपल्याला लुबाडले असे त्याला वाटते. वस्तुतः लुबाडणूक झालेली नसते. शेअर चढेल ह्यावर त्याने पैसे लावलेच नव्हते. बाजार मानतो त्याहून अधिक तो हलेल, ह्यावर ते लावले होते. ह्या दोन गोष्टींतील भेद त्याला कोणी सांगितला नव्हता, इतकेच.

हे ऐकून असे वाटेल की, मग विकल्प घेण्यापेक्षा विकणे शहाणपणाचे. झीज विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते, हे खरे. महिन्यामागून महिने तो थोडाथोडा प्रीमियम गोळा करतो आणि बहुतेक महिने सुखाचे जातात. परंतु विमा कंपनीचे उत्पन्न आणि विमा कंपनीचा गंगाजळीचा साठा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. विकणाऱ्याजवळ पहिली असते, दुसरी बहुधा नसते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात शेकडा २२.६ कोसळला. सूत्रामागे असे गृहीत होते की, भाव सलग चालतो आणि व्यापाऱ्यास आपल्या शेअरांचे प्रमाण हवे तेव्हा बदलता येते. त्या दिवशी भाव चालला नाही. त्याने कड्यावरून उडी घेतली. तेव्हापासून मोठ्या घसरणीपासून संरक्षण देणारे पुट सूत्राच्या साध्या हिशेबापेक्षा महाग विकले जाऊ लागले, आणि ती रीत आजही टिकून आहे. बाजाराने सूत्र टाकून दिले नाही. आपल्या भयाची नोंद मात्र त्यात करून ठेवली.

दुसरा धडा अधिकच बोलका आहे. १९९७ साली शोल्स व मर्टन ह्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; ब्लॅक १९९५ मध्येच निवर्तले होते. हे दोघे पारितोषिकविजेते 'लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' ह्या गुंतवणूक संस्थेचे भागीदार होते. इतर व्यवहारांबरोबर ही संस्था दीर्घ मुदतीचे विकल्प विकून चंचलता कमी होण्यावर पैसे लावीत असे, आणि तेही प्रचंड कर्जाच्या बळावर. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबविली, जगभर बाजार हादरले, चंचलता उतरण्याऐवजी वाढत गेली. सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने १४ बँका व पेढ्यांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून ती संस्था सावरावी लागली. सूत्र ज्यांनी घडविले, त्यांनाही विकल्प विकण्यातील धोका चुकला नाही.

भारतात १९५६ च्या कायद्याने शेअरांवरील विकल्पांस बंदी होती. ती १९९५ मध्ये उठली. जून २००१ मध्ये निर्देशांकावरील आणि जुलै २००१ मध्ये कंपन्यांच्या शेअरांवरील विकल्प सुरू झाले. पुढे भ्रमणध्वनीवरून घरबसल्या व्यवहार करता येऊ लागले आणि पूर्वी मूठभर दलालांपुरती असलेली ही वस्तू लहान गावांतील ओसरीवर येऊन पोहोचली. सेबी ह्या नियामक मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी ह्या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत वायदे व विकल्प ह्यांचा व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये ह्यांतील शेकडा ४३ जण तीस वर्षांखालील होते, आणि शेकडा ७२ हून अधिक जण देशातील मोठ्या तीस शहरांबाहेरचे होते. ह्या आकड्यांत कोणाची बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली शिल्लक असेल, कोणाच्या वडिलांची निवृत्तीची पुंजी असेल. तोटा सोसूनही तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले. २०२४ च्या अखेरीस सेबीने काही बंधने घातली. आठवड्याच्या मुदतीचे विकल्प प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते मर्यादित केले आणि सौद्याचा किमान आकार वाढविला. परंतु नियम मनुष्यास दारापाशी अडवू शकतो. आत काय विकले जाते, हे त्याने स्वतःच जाणून घ्यावयाचे असते.

म्हणून विकल्प ही वस्तूच वाईट, असे समजणे मात्र योग्य होणार नाही. ज्याच्यापाशी १०० रुपये भावाचे शेअर आहेत आणि ज्याला सहा महिन्यांनी त्या पैशांची निकड लागणार आहे, त्याने ९० च्या भावाचा पुट विकत घेतला तर शेअर ५० वर आला तरी त्याला ९० मिळणारच. शेअर चढला तर पुटाचा पैसा वाया गेला असे दिसेल. पण घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. स्वतःजवळ असलेली जोखीम कमी करण्यासाठी विकल्प घेणारा आणि नसलेली जोखीम अंगावर ओढण्यासाठी तो घेणारा, ह्या दोघांनी मोजलेली किंमत एकच असते. त्यांना मिळणारी वस्तू मात्र वेगळी असते.

विकल्प हाती घेण्यापूर्वी मनुष्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : ह्या किमतीत अंगचे मोल किती आणि काळाचे किती? तो काळ किती वेगाने झिजणार आहे? आणि बाजाराने आधीच किती खळबळ गृहीत धरलेली आहे? तिन्हींची उत्तरे देता आली तर व्यवहार करावा की नाही हे त्याचे त्याला ठरविता येईल. उत्तरे देता आली नाहीत, तर व्यवहार न करण्याचा हक्क त्याच्यापाशी आहेच. आणि त्या हक्कासाठी कोणासही प्रीमियम द्यावा लागत नाही.